सेव्ह करशील तेव्हा पापणी मिट

मिरज,
श्रावण वद्य पंचमी

चि. वैशाली हिस,


तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. तसंच बोलून उत्तर देता आलं असतं, पण तू ते भाजी चिरता चिरता ऐकशील आणि सोडून देशील. कागद असला की कीबोर्डशेजारी पडून तरी राहतो. शिवाय डोळ्यांची तक्रार करणाऱ्या बाईला मोबाइलवर आणखी एक लांब मजकूर वाचायला लावणं मला बरं दिसेना.

दुपारी चारनंतर डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखं टोचतं, मधेच पाणी वाहायला लागतं, भुवयांच्या वर ठणकतं, आणि संध्याकाळी अलका चौकात उभी राहिलीस की बस अगदी पुढ्यात येईपर्यंत पाटी वाचता येत नाही. एवढं सगळं सांगून तू विचारलंस, नंबर वाढला का आणि हे डीटीपीचं काम सोडून देऊ का? दुसऱ्याचं उत्तर आधी देते: नको. दिवाळी अंकांचा हंगाम तोंडावर आहे, हातात चार अंक आहेत, आणि डोळ्यांसाठी ते सोडायची काही गरज नाही. पहिल्याचं उत्तर जरा लांब आहे.

मी डॉक्टर नव्हे, हे तुला ठाऊक आहे. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून माझं आयुष्य नंबर काढण्यात, डोळ्यांचं प्रेशर मोजण्यात आणि मोतीबिंदूची माणसं गोळा करून शस्त्रक्रियेला पाठवण्यात गेलं. पण तुझ्यासारख्या तक्रारी घेऊन येणारी माणसं तिथेही यायची. आधी शिवणकाम करणाऱ्या बाया आणि सराफाकडचे कारागीर, मग तहसील कचेरीतले ऑपरेटर, आणि शेवटी शेवटी तर सगळेच. तेव्हा माझ्या कक्षेतलं तेवढं सांगते, आणि जिथे डॉक्टर लागेल तिथे डॉक्टर म्हणेन.

स्क्रीनमुळे तुझ्या वयाच्या माणसाचा नंबर वाढत नाही. स्क्रीनचा उजेड डोळ्याचा पडदाही जाळत नाही. श्रावणातल्या ढगाळ दुपारी तू गॅलरीत उभी राहिलीस तरी त्याहून कितीतरी जास्त उजेड डोळ्यांत जातो. तुझ्या डोळ्यांचं जे झालंय त्यात दोन गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्या आहेत, आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. एक, डोळे कोरडे पडताहेत. दोन, चष्मा चुकीच्या अंतराचा आहे.

कोरडेपणाचं आधी. तू म्हणशील, पाणी वाहतंय तर कोरडे कसले? त्याचसाठी वाहतंय. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर कायम असतो. त्यातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून वर तेलाचा आणखी पातळ थर असतो, आमटीवरच्या तवंगासारखा. ते तेल पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं, आणि पापणी मिटली की दाबलं जाऊन बाहेर पडतं. पापणीच मिटली नाही तर तेल नाही, तेल नाही तर थर फाटतो, फाटला की बुबुळ उघडं पडून टोचतं, आणि टोचलं की डोळा घाबरून भसाभसा पाणी सोडतो. ते आणीबाणीचं पाणी. त्यात तेल नसतं, त्यामुळे ते गालावर ओघळतं आणि डोळा पुन्हा कोरडाच.

आता पापणी किती मिटते ते बघ. त्सुबोता आणि नाकामोरी या जपानी डॉक्टरांनी १९९३ साली ऑफिसात काम करणाऱ्या १०४ जणांच्या पापण्यांची मोजदाद छापली. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापण्या लववतो, पुस्तक वाचताना १० वेळा, आणि संगणकासमोर ७. त्यात तुझं काम म्हणजे नुसतं बघणं नव्हे. अनुस्वाराचा ठिपका वेलांटीत गडप झालाय का, रफार पुढच्या अक्षरावर सरकलाय का, ‘श्र’ फुटलाय का, हे शोधताना माणूस श्वाससुद्धा रोखतो, तिथे पापणी कोण मिटतो? आणि जी मिटते तीही अर्धीच. वरची पापणी निम्म्यापर्यंत येते आणि परत जाते, खालची कड कोरडीच राहते. तुझा डोळा कधी नीट बघितलास तर लाली खालच्या बाजूला जास्त दिसेल.

तुझ्या शेजारच्या बाईंनी डोळ्यांसाठी मेणबत्तीसमोर त्राटक सुचवलंय म्हणालीस. अगं, न मिटता एकटक बघणं म्हणजेच त्राटक, आणि ते तू रोज आठ-नऊ तास करतेसच. त्यांना माझा नमस्कार सांग आणि मेणबत्ती वीज जाईल तेव्हासाठी ठेव.

यावर उपाय फुकटाचा आहे, म्हणूनच कुणी करत नाही. पापण्या पूर्ण मिटायच्या, मऊपणे, वरची खालच्या कडेला टेकेपर्यंत, क्षणभर तशाच ठेवायच्या आणि उघडायच्या. दोनदा. प्रश्न एवढाच की आठवण कशी राहायची. गजर लावून उपयोग नाही, गजर बंद करायला बोट शिकतं. पण डीटीपीवाल्या माणसाचं एक बोट दिवसभर कंट्रोल-एसवर असतं, हे मी तुझ्याकडे राहिले तेव्हा पाहिलंय. एकदा पान उडालं की माणूस जन्मभर सेव्ह करत राहतो. तेव्हा सेव्ह करशील तेव्हा पापण्या मिट. फाइल वाचेल आणि डोळेही.

पापण्यांतलं ते तेल बाहेर यायला गरम शेक चांगला. रुमाल गरम पाण्यात पिळून मिटल्या डोळ्यांवर ठेव. हाताच्या आतल्या बाजूला सोसवेल एवढाच गरम. तो मिनिटा-दोन मिनिटांत निवतो, म्हणून पुन्हा बुडवायचा. असं पाच-सात मिनिटं. मग बोटाने वरच्या पापणीवरून खाली आणि खालच्या पापणीवरून वर, असं कडेच्या दिशेने हलकेच दाबत न्यायचं. रात्री झोपताना केलंस तर दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो. पापण्यांच्या केसांना कोंड्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर मात्र एकदा डॉक्टरांना दाखव, त्याचा उपचार वेगळा असतो.

आणि हेही इथेच लिहिते, कारण तू ते कुणाला विचारणार नाहीस. तुझं अठ्ठेचाळिसावं चालू आहे, पाळी पुढे-मागे होतेय असं तुझी आईच म्हणाली. या वयात बायकांचे डोळे कोरडे पडतात, संगणक नसला तरी पडतात. त्यात तू शिंकांसाठी अधूनमधून अॅलर्जीची गोळी घेतेस. नाक सुकवणारी गोळी डोळेही सुकवते. डॉक्टरांकडे गेलीस की हे दोन्ही सांग. तोंडही सारखं कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर तेही सांग. सांगायला लाजू नकोस, त्यांना त्यातून दिशा मिळते.

आता टेबलाकडे येते. मे महिन्यात तुझ्याकडे होते तेव्हा तुला काम करताना दिवसभर पाहत होते. तुझ्या खुर्चीला चांगली पाठ आहे, पण तुझी पाठ तिला दिवसभरात एकदाही लागली नाही. मान पुढे, हनुवटी वर, नाक स्क्रीनला टेकायचं बाकी. मॉनिटर तू ए-फोरच्या दोन रिमांवर चढवून ठेवलाय. कुणीतरी सांगितलं असेल की वर असला की मान दुखत नाही. पण वर बघायला डोळा जास्त उघडावा लागतो, आणि जेवढा उघडा तेवढा लवकर सुकतो. त्या रिमा काढ आणि प्रिंटरला घाल. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी, म्हणजे पान बघताना नजर थोडी उतरते आणि पापणी डोळ्याचा जास्त भाग झाकून राहते. टेबलफॅन तोंडावरून काढून पायाकडे वळव. खिडकी तुझ्या पाठीमागे आहे, त्यामुळे दुपारभर आकाश स्क्रीनमध्ये चमकतं आणि त्या चमकेतून तू मात्रा शोधतेस. टेबल काटकोनात फिरव, खिडकी डाव्या हाताला येऊ दे. खोली लहान आहे हे मला माहीत आहे, पण कपाट हलवलंस तर बसेल.

ब्राइटनेस किती ठेवायचा, तर स्क्रीनवर कोरं पान उघड आणि शेजारी कोरा कागद धर. स्क्रीन दिव्यासारखी वाटली तर उजेड जास्त, मळकट वाटली तर कमी. दोन्ही सारखे दिसले की झालं. संध्याकाळी खोलीतला दिवा लावल्यावर पुन्हा जुळव. आणि पूर्ण पान एका नजरेत दिसेल असं ठेवून प्रूफ दुरुस्त करू नकोस. पान कसं दिसतं ते बघायला तो आकार ठीक आहे; अक्षरं तपासताना दीडपट-दुप्पट मोठी कर. सरकवत बसावं लागतं, वेळ जातो, मान्य. पण सुटलेला अनुस्वार छापून आल्यावर जातो तेवढा नाही जात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं वापरायचं फॅड आहे, ते आवडत असेल तर व्हॉट्सअॅपला ठेव. बारीक मजकुराला पांढऱ्यावर काळंच बरं.

चष्म्याचं मात्र नीट समजून घे, कारण तुझी निम्मी डोकेदुखी इथे आहे. तुझा जवळचा चष्मा पावणेदोनचा. तो काढताना तुझ्या हातात वाचायचा तक्ता दिला असणार, म्हणजे तो चाळीस सेंटिमीटरवरच्या पुस्तकासाठी आहे. ज्याला दूरचा नंबर नाही अशा डोळ्याला पावणेदोनच्या काचेतून फार तर ५७ सेंटिमीटरपर्यंत स्वच्छ दिसतं, पुढचं सगळं धूसर. हिशेब सोपा आहे: एक मीटरला नंबराने भागायचं. तुझा मॉनिटर टेबलाच्या मागच्या कडेला, सत्तर सेंटिमीटरवर. चष्मा घातलास तर स्क्रीन धूसर, म्हणून तू पुढे झुकतेस. काढलास तर प्रूफचा कागद दिसत नाही, म्हणून पुन्हा घालतेस. मग तो नाकाच्या शेंड्यावर ठेवून वरून स्क्रीन आणि खालून कागद बघायची कसरत करतेस. डावीकडे टेबलावर आडवं पडलेलं प्रूफ, समोर उभी स्क्रीन, आणि दर ओळीला मान आणि नजर दोन्हींचा फेरा. कपाळ ठणकणार नाही तर काय होईल?

चाळिशीत डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं. अंतर बदललं की लहानपणी ते फुगून आपोआप जुळवून घ्यायचं, आता स्नायू ओढतो आणि भिंग ऐकत नाही. याला व्यायाम नाही, गाजर नाही. वयाची गोष्ट आहे, सगळ्यांना होते. विल्यम बेट्स नावाच्या अमेरिकन डॉक्टराने १९२० साली डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा घालवण्याचं पुस्तक काढलं, तेव्हापासून आजपर्यंत ‘चष्मा घालवा’ शिबिरं चालू आहेत. तळहात डोळ्यांवर ठेवून बसलं की बरं वाटतं, ते जरूर कर. नंबर त्याने जात नाही.

तेव्हा मोजपट्टी घे. नेहमीसारखी, पण पाठ खुर्चीला टेकवून बस, आणि लेकीला, ओवीला, तुझ्या डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजायला सांग. प्रूफ आडवं ठेवू नकोस. कागद उभा धरणारा स्टँड मिळतो, तो स्क्रीनला लागून, जमेल तितक्या त्याच अंतरावर ठेव. मग डोळ्यापासून कागदापर्यंतचंही मोज. दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून नंबर काढायला जा आणि सांग की मला या अंतराचा, फक्त कामाचा चष्मा हवा. बहुधा एक किंवा सव्वाच्या आसपास येईल. ते तपासणारा ठरवेल. सकाळी जा, दिवसभर काम करून शिणलेल्या डोळ्यांनी नको, नंबर इकडेतिकडे येतो. सिलिंड्रिकल नंबर अर्ध्याचा जरी निघाला तरी काचेत घालून घे. एरवी तेवढा कुणाला जाणवत नाही, पण आठ तास बारीक अक्षरं बघणाऱ्याला जाणवतो.

तो चष्म्याचा दुकानदार प्रोग्रेसिव्ह घ्या म्हणून मागे लागलाय ना? ती काच वाईट नाही. बाजारात, बँकेत, स्वयंपाकघरात ती उत्तम. पण तिच्यात वर दूरचं, खाली जवळचं, आणि तुझ्या स्क्रीनच्या अंतराचा भाग मधल्या चिंचोळ्या पट्टीत असतो. मोठा मॉनिटर त्या पट्टीतून बघायचा तर हनुवटी वर उचलून, मान डावी-उजवीकडे फिरवत बसावं लागतं. महिन्याभरात मानेचा पट्टा घेऊन बसशील. बाहेरसाठी हवा तर प्रोग्रेसिव्ह घे, पण कामाचा चष्मा वेगळा, आणि तो टेबलावरच राहू दे.

आणि ‘ब्लू कट’ काचांचे जास्तीचे पैसे देऊ नकोस. निळ्या उजेडाने डोळे थकतात हे ऐकायला शास्त्रीय वाटतं. कॉक्रेन म्हणून जगभरातले वैद्यकीय प्रयोग तपासून त्यांचा निष्कर्ष काढणारी संस्था आहे. तिने २०२३ साली १७ प्रयोग एकत्र तपासले, आणि साध्या काचेपेक्षा या काचांनी डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं काही निघालं नाही. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संघटनाही संगणकासाठी त्या घ्या असं म्हणत नाही. तुला आठवत असेल, तू नवीन कामाला लागलीस तेव्हा जाडजूड मॉनिटरपुढे काळसर काच लटकवायची पद्धत होती, तिला अर्थिंगची वायरही असायची. रेडिएशन अडवते म्हणायचे. ती काच गेली, मॉनिटर गेले, डोळ्यांची आग राहिली. रात्री उशिरा काम करताना स्क्रीन पिवळट केलेली आवडत असेल तर कर, त्याला पैसे पडत नाहीत.

मला या सगळ्यात एक गोष्ट मोठी वाटते. तुझे आजोबा छापखान्यात खिळे जुळवायचे. शिसं, उलटी अक्षरं, पिवळा बल्ब. तुझ्यापेक्षा काम बारीक आणि उजेड वाईट. पण देवनागरीला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खिळे, म्हणून ते ठेवायच्या पेट्या, म्हणजे केस, जास्त, म्हणून सारखं इकडून तिकडे जायचं. हातातली जुळणीची स्टिक भरली की गॅलीच्या तबकात उतरवायची. गॅली भरली की दोरा बांधायचा, शाई फिरवून प्रूफ काढायचं, ते पलीकडच्या टेबलावर मुद्रितशोधकाकडे द्यायचं, आणि तो तपासेपर्यंत दारात उभं राहून रस्ता बघायचा. त्यांना विश्रांती घ्या असं कुणी सांगितलं नव्हतं. कामच मधे मधे तुटायचं. तुझं काम तुटतच नाही. मजकूर ईमेलवर येतो, चित्र त्याच स्क्रीनवर, पान त्याच स्क्रीनवर, लेखकाशी भांडण त्याच स्क्रीनवर, जेवताना मालिकाही तिच्यावरच. सगळं जग सत्तर सेंटिमीटरवर येऊन थांबलंय. डोळ्यातला स्नायू एकाच जागी आवळून धरलेला, म्हणून संध्याकाळी बसच्या पाटीवर तो लगेच सैल होत नाही. तुझी पाटी धूसर दिसते ती बरीचशी यामुळे, आणि थोडी फाटलेल्या अश्रूंमुळे. सुट्टीच्या दिवशी दिसते ना नीट? मग तो नंबर नव्हे.

हे दुखणं जुनं आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला, आणि १७१३च्या आवृत्तीत त्यात छापखान्यातली माणसंही घातली. खिळे जुळवणाऱ्यांना रात्रीपर्यंत डोळ्यांपुढे अक्षरंच दिसत राहतात, हे त्याने टिपून ठेवलंय. बारीक काम करणाऱ्यांना त्याचा सल्ला होता, अधूनमधून काम खाली ठेवा आणि नजर दुसरीकडे फिरवा. आज त्यालाच वीस-वीस-वीस म्हणतात: दर वीस मिनिटांनी, वीस फुटांपलीकडे, वीस सेकंद बघायचं. वीसच का, याला फार मोठा आधार नाही. आकडा लक्षात राहावा म्हणून तसा आहे. वीस फूट मात्र उगाच नाही. साधारण सहा मीटरपलीकडे बघताना डोळ्यातल्या स्नायूला जवळजवळ काहीच जोर लावावा लागत नाही.

म्हणून तुझं काम तू मुद्दाम तोड. प्रिंटरला पान सोडलंस की खुर्चीतून ऊठ आणि ते बाहेर येईपर्यंत गॅलरीत उभी राहा. समोरच्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीच्या गच्चीवर टाकी आहे, तिच्यावरचं कंपनीचं नाव वाच. लेखकाला दुरुस्त्या विचारायच्या असतील तर मेसेज करू नकोस, फोन लाव आणि चालत चालत बोल. लेखकांना बोलायला आवडतंच. प्रिंटर पलीकडच्या खोलीत ठेवलास तर आणखी चांगलं. आणि विश्रांती म्हणून मोबाइल हातात घेतलास तर ती विश्रांती नव्हे; सत्तर सेंटिमीटरवरून तीसवर आलीस, एवढंच.

थेंबांबद्दल. मेडिकलवाल्याकडून ‘डोळे लाल झालेत, काहीतरी द्या’ म्हणून बाटली आणू नकोस, कधीच. लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आवळतात, अंमल उतरला की डोळा आधीपेक्षा लाल होतो, आणि त्या थेंबांची सवय लागते. त्याहून वाईट म्हणजे स्टेरॉइडचे थेंब. चार दिवसांत जादू केल्यासारखं बरं वाटतं, म्हणून माणसं चिठ्ठीशिवाय महिनोन्‌महिने घालतात. त्यांनी डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, वैशाली. तुझ्या बाबाला काचबिंदू आहे. ज्यांच्या घरात तो आहे त्यांनी या थेंबांना जास्तच भ्यायला हवं. घरात कुणाची उरलेली बाटली असेल तर आजच केराच्या डब्यात टाक.

तुला चालतील ते कृत्रिम अश्रू, साधे, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे. दिवसातून तीन-चार वेळा. त्याहून जास्त लागायला लागले तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले माग, कारण त्या रसायनाने डोळा आणखी चुरचुरतो. खालची पापणी ओढून एकच थेंब, मग मिनिटभर डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा दाबून ठेव. दोन-तीन थेंब घातलेस तर जास्तीचे गालावरच जातात. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिही आणि महिन्याने फेकून दे, अर्धी उरली असली तरी. गुलाबपाणी, मध, कोथिंबिरीचं पाणी, तूप यातलं काही डोळ्यात घालू नकोस. डोळ्यांवर थंड काकडी ठेवायची असेल तर ठेव, ती बाहेरच राहते.

डॉक्टरांकडे एकदा जायचंच आहे. वडलांना काचबिंदू म्हणजे चाळिशीनंतर तुझं प्रेशर आणि डोळ्याची नस दरवर्षी तपासायला हवी, आणि तू गेली दोन वर्षं दुकानातून नंबर काढून भागवलं आहेस. दुकानात प्रेशर सहसा मोजत नाहीत. डॉक्टरांकडे बाहुल्या मोठ्या करणारं औषध घालतील, मग चार-पाच तास बारीक वाचता येणार नाही, तर अंक छापायला जायच्या दिवशी वेळ घेऊ नकोस. आणि अचानक डोळ्यापुढे विजा चमकल्या, काळे ठिपके एकदम वाढले, एका बाजूने पडदा सरकल्यासारखं झालं, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसून डोकं फुटायला आलं आणि ओकारी झाली, एकाचे दोन दिसायला लागले, डोळा लाल होऊन आतून दुखायला लागला, तर त्याच दिवशी जा. त्याचा संगणकाशी संबंध नसतो. ‘कामाचा ताण असेल’ म्हणून माणसं थांबतात, आणि थांबल्यामुळे नजर जाते.

नंबराचा कागद मिळाला की त्याचा फोटो काढून मला पाठव, चष्मा करायला टाकायच्या आधी. अंतराची चिठ्ठी दिली होती का तेही कळव. प्रेशरचा आकडा त्या कागदावर लिहून घे. तोंडी ‘नॉर्मल आहे’ म्हणाले तरी लिहून माग. आणि पहिला अंक छापून आला की एक प्रत टपालाने पाठव.

तुझी,
सुमनआत्या

ता. क. ओवीला दूरचा नंबर लागला म्हणून तू रडलीस असं कळलं. चष्मा घातल्याने नंबर वाढत नाही, आणि कमी नंबरचा दिल्याने थांबतही नाही. पूर्ण नंबराचाच दे. मुलांचं गणित मोठ्यांपेक्षा वेगळं आहे, त्यांचा डोळा अजून वाढतोय. जवळचं सारखं बघणं त्यांना बाधतं, आणि बाहेरचा उजेड उपयोगी पडतो. घरात दिव्याखाली काहीशे लक्स उजेड असतो, मैदानात दिवसा दहा हजारांच्या वर. रोज दोन तास तरी बाहेर हवेत. शाळेतून आली की क्लासच्या आधी खाली पिटाळ, पाऊस नसेल तेव्हा. मोबाइल अंथरुणात पडून नाकाजवळ धरते, तो बंद कर. बघायचंच असेल तर टीव्हीवर बघू दे, लांबून. सहा महिन्यांनी तिचा नंबर पुन्हा बघून घे, आणि अर्ध्याहून जास्त वाढला असेल तर तो वाढायचा वेग कमी करणारे थेंब आणि काचा आता मिळतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचार.